फरशी किती पाणी पिते?

बाथरूमच्या भिंतीला टाईल लावायच्या असल्या की जुना, मुरलेला मिस्त्री एक काम आदल्या दिवशीच उरकून ठेवतो. खोकी फोडून तो सगळ्या टाईल पाण्याच्या पिंपात बुडवतो. टाईल पाण्यात जाताच तिच्या मागच्या बाजूने बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटतात. कान जवळ नेला तर सूंसूं आवाजही येतो. टाईलच्या पोटातली हवा बाहेर पडते आणि तिची जागा पाणी घेते. रात्रभर पाणी पिऊन तट्ट झालेली टाईल दुसऱ्या दिवशी भिंतीवर बसते, तेव्हा तिला तहान उरलेली नसते. कोरडीच लावली, तर ती सिमेंटमधले पाणी ओढून घेते. सिमेंट घट्ट व्हायला पाणी लागते. तेच हरवले की सिमेंट नुसते वाळते, धरत नाही.

तोच मिस्त्री हॉलसाठी आणलेली चकचकीत विट्रिफाइड टाईल सवयीने पिंपात टाकतो, तेव्हा बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत. सकाळी टाईल बाहेर काढून फडक्याने पुसली, की ती जशी गेली तशी कोरडी.

फरशी घ्यायला गेलेले कुटुंब दुकानात रंग, डिझाईन, आकार आणि भाव यांवर दोन-दोन तास घालवते. ही फरशी पाणी किती पिते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. फरशी कुठे बसवावी, कशाने चिकटवावी, तिच्यावर डाग मुरेल का आणि ती वजन किती पेलेल, यातले बरेचसे त्या एका उत्तरावरून कळते.

माठ आणि बरणी

माठही मातीचा आणि लोणच्याची बरणीही मातीचीच. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. बरणीत मात्र तेल-मीठ वर्षभर राहिले तरी बाहेर थेंब येत नाही. फरक मातीच्या मिश्रणाचा आणि भट्टीतल्या आचेचा आहे. टाईलचेही नेमके हेच.

टाईलच्या मिश्रणात मुख्यतः तीन गोष्टी असतात: आकार धरणारी चिकणमाती, सांगाडा देणारी गारगोटीची भुकटी आणि फेल्डस्पार नावाचे खनिज. हे सगळे पाण्यात बारीक दळतात, ते पातळ मिश्रण गरम हवेत फवारून कोरडी भुकटी करतात आणि ती प्रचंड दाबाखाली साच्यात दाबतात. मग टाईल लांबलचक भट्टीत रुळांवरून सरकत जाते. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी भरून काढतो. फटी बुजल्या की पाण्याला शिरायला वाट राहत नाही. काचेसारखे होण्याच्या या क्रियेवरूनच विट्रिफाइड हे नाव आले.

फटी बुजताना टाईल आक्रसते. म्हणून ती साच्यात मोठी दाबावी लागते, आणि भाजून झाल्यावर कडा घासून मापात आणाव्या लागतात. अशा घासलेल्या टाईलच्या कडा काटकोनात आणि सरळ असतात, त्यामुळे दोन टाईलमधली रेघ अगदी बारीक ठेवता येते. भिंतीच्या टाईलमध्ये फेल्डस्पार कमी असतो किंवा नसतोच. ती सच्छिद्र राहते, हलकी असते, सहज कापता येते. भिंतीवर चालायचे नसल्याने तेवढे पुरते.

भारतात या टाईलचे सर्वांत मोठे केंद्र आहे गुजरातेतले मोरबी. मच्छू नदीकाठचे हे गाव एकेकाळी कौलांसाठी आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी ओळखले जाई. आज देशातल्या सिरॅमिक टाईलपैकी बहुतांश टाईल मोरबी आणि आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या दुकानात शिरा, निम्म्याहून अधिक खोक्यांवर मोरबीचा पत्ता सापडेल.

खोक्यावरचा आकडा

टाईलसाठी भारतीय मानक आहे आयएस १५६२२. त्यात दाबून केलेल्या टाईलचे गट पाणी पिण्यावरूनच पाडले आहेत. कोरड्या टाईलचे वजन करायचे, तिच्या सगळ्या छिद्रांत पाणी शिरेल अशी व्यवस्था करायची आणि पुन्हा वजन करायचे. वाढलेले वजन मूळ वजनाच्या किती टक्के, हा तो आकडा.

अर्धा टक्का किंवा त्याहून कमी पाणी पिणारी टाईल विट्रिफाइड गटात बसते. एक किलोच्या तुकड्यात फार तर पाच ग्रॅम पाणी, म्हणजे एक छोटा चमचा. तीन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान साधी सिरॅमिक फ्लोअर टाईल येते. दहा टक्क्यांच्या वर भिंतीची टाईल. एक किलोच्या तुकड्यात शंभर ग्रॅमहून अधिक, म्हणजे अर्धा कप पाणी.

ताकदही याच क्रमाने उतरते. साडेसात मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या विट्रिफाइड टाईलने दोन टोकांना आधार देऊन मधोमध दाब दिला असता किमान १३०० न्यूटन, म्हणजे सुमारे १३० किलोचा भार सोसला पाहिजे अशी अट आहे. भिंतीच्या टाईलसाठी ही अट निम्म्याहून कमी आहे. ‘डिझाईन आवडले’ म्हणून भिंतीची टाईल जमिनीवर बसवणाऱ्यांच्या घरी ती सिलिंडर सरकवताना का तडकते, याचे कारण इथे आहे.

दुकानात हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. टाईल उलटी करून मागच्या, न चकाकणाऱ्या बाजूवर बोटाने पाण्याचे दोन-तीन थेंब सोडावेत. भिंतीच्या टाईलवर थेंब पसरतो, डाग गडद होतो आणि पाहता पाहता पाणी गायब होते. विट्रिफाइडवर तो थेंब थेंबच राहतो. पाच मिनिटांनी बोटाने पुसला तर खाली ओलसर डाग दिसत नाही. नाव विट्रिफाइडचे आणि थेंब मात्र जिरतो, असे दिसले तर त्या खोक्याला हात लावू नये.

दुकानातली नावे

विट्रिफाइडमध्येही दुकानदार पाच-सहा नावे घेतो. त्यांतली बहुतेक रंग टाईलमध्ये किती खोलवर गेला आहे, यावरून पडली आहेत.

फुल बॉडी टाईलमध्ये रंग वरपासून खालपर्यंत एकच असतो. कोपरा उडाला तरी आत तोच रंग दिसतो. डबल चार्जमध्ये रंगीत मिश्रणाचा तीन-चार मिलिमीटरचा थर वर आणि साध्या मिश्रणाचा थर खाली, असे दोन थर एकत्र दाबलेले असतात. झीज फार होते अशा जागी, म्हणजे जिना, दुकान, प्रवेशाची जागा, पार्किंग, हे दोन प्रकार टिकतात. डबल चार्जमध्ये नक्षीचे वैविध्य कमी मिळते.

जीव्हीटी म्हणजे ग्लेझ्ड विट्रिफाइड टाईल. हिच्या वरच्या बाजूवर लकाकीचा पातळ थर आणि डिजिटल छपाई असते. लाकूड, इटालियन मार्बल, सिमेंट, काहीही छापता येते. तीच पुढे घासून आरशासारखी केली की पीजीव्हीटी होते. दिसायला या दोघींचा हात धरणारे कोणी नाही. पण सौंदर्य सगळे कातडीत आहे. वरचा थर ओरखडला किंवा टवका उडाला की आतली पांढुरकी माती डोकावते आणि त्यावर पॉलिशचा इलाज चालत नाही.

घराच्या फरशीचा खरा शत्रू बुटांपेक्षा धूळ आहे. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू म्हणजे गारगोटी. खनिजांची कठिणता मोजायच्या एक ते दहाच्या मोहस् मापावर गारगोटी सातवर आहे. दारातून आलेला एक कण खुर्चीच्या पायाखाली सापडला की तो काचेसारख्या लकाकीवर रेघ ओढतो. म्हणून लकाकीच्या टाईलवर झिजेचा एक ते पाच असा पीईआय दर्जा देतात. घरातल्या खोल्यांना तीन चालतो. दारालगत आणि स्वयंपाकघरात चार घ्यावा. आणि दाराबाहेर एक, आत एक अशी दोन पायपुसणी ठेवावीत.

शहाबादी, कोटा, कडप्पा

टाईलच्या आधी महाराष्ट्राच्या पायाखाली दगड होता. सोलापूरच्या पलीकडे, आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून राखाडी फरशी वाड्यांत, शाळांत, देवळांत आणि रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आली. काळा कडप्पा आंध्रातून येऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि मांडणीच्या फळ्यांवर बसला. हिरवट कोटा राजस्थानातून आला आणि जिन्यांवर स्थिरावला. हे तिन्ही चुनखडीचेच दगड.

दगडाचा मोठा गुण असा की तो आरपार एकच असतो. वीस वर्षांनी निस्तेज झाला तर मशिन लावून पुन्हा पॉलिश करता येतो. टाईलला दुसरा जन्म नाही, दगडाला तीन-चार मिळतात. उणीव त्याच्या रसायनात आहे. चुनखडी आणि मार्बल, दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागले की ते विरघळते. लिंबू, कोकमाचे आगळ, चिंचेचा कोळ किंवा बाथरूम धुवायचे ॲसिड यांतले काहीही सांडले आणि तसेच राहिले, तर तिथली चमक जाऊन फिक्कट खरबरीत ठसा उरतो. तो डाग नसतो, दगडच तेवढा खाल्लेला असतो. घासून जात नाही. मार्बल याशिवाय तेल आणि हळदही पितो. म्हणून मकराण्याचा मार्बल देवघराला शोभतो आणि फोडणीच्या ओट्यापुढे तोच दुखणे होतो. ग्रॅनाइटचे तसे नाही. तो फेल्डस्पार आणि गारगोटीचा आहे, लिंबाला दाद देत नाही.

‘शहाबादी गार असते’ असे सगळेच म्हणतात. गारव्याचे मोठे श्रेय मात्र ती जिथे बसली त्या जागेला आहे. तळमजल्यावर फरशीखाली माती असते आणि माती दुपारचे ऊन आत पोचू देत नाही. चौथ्या मजल्यावर, खाली दुसऱ्याचे घर असताना, शहाबादी आणि टाईल यांत पायाला जाणवणारा फरक फारसा उरत नाही. वरच्या मजल्यावर गारव्यासाठी खर्च करायचा असेल तर तो गच्चीवर करावा. तिथे पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझेक ऊन परतवतो.

फरशी पाणी पीत नाही याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. जूनमध्ये कोकणात आणि मुंबईत हवा इतकी दमट होते की गार, गुळगुळीत फरशीवर वाफेचे पाणी होऊन बसते. घरातली माणसे गळती शोधत फिरतात. शेणाने सारवलेली जमीन हेच पाणी गुपचूप शोषून घेत असे. विट्रिफाइडला ते जमत नाही, म्हणून ते आपल्याला दिसते. अशा वेळी ओल्या फडक्याने पुसण्यात अर्थ नसतो. कोरडे फडके आणि पंखा लागतो.

न भाजलेली लादी

जुन्या मुंबईत, पुण्यात, गोव्यात जी नक्षीची लादी दिसते ती बहुतेक ठिकाणी भट्टीत गेलेलीच नाही. नक्षीच्या लादीची दोन घराणी आहेत. पहिले विलायती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मिंटन कारखान्यातून भाजलेल्या रंगीत टाईल जहाजाने मुंबईत आल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये त्या आजही पायाखाली आहेत.

दुसरे घराणे सिमेंटचे. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओतायचे, साचा काढायचा, पाठीवर कोरडे सिमेंट-वाळू घालून दाबयंत्राखाली दाबायचे आणि मग पाण्यात ठेवून पक्के होऊ द्यायचे. स्वदेशीच्या काळात, १९२२ मध्ये, फेरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी ‘भारत फ्लोअरिंग्ज’ सुरू करून ही लादी इथेच बनवायला घेतली. विलायती मालाला इथल्या सिमेंटने दिलेले ते उत्तर होते. त्यानंतर मार्बलचे खडे सिमेंटमध्ये घालून घासलेली मोझेक आली आणि पुढची कित्येक दशके चाळी, सरकारी वसाहती, सोसायट्यांच्या जमिनी तिने व्यापल्या.

सिमेंटची लादी आणि मोझेक पाणी पितात, तेलही पितात. म्हणून बसवल्यावर त्यांना सीलर किंवा मेण लागते आणि ॲसिड कधीच लागू द्यायचे नसते. एवढे पाळले तर त्या विट्रिफाइडच्या आधी मरत नाहीत. जुन्या घराचे नूतनीकरण करताना मोझेक उखडून टाकण्यापूर्वी एका कोपऱ्यात पॉलिश मारून पाहावे. बऱ्याचदा नवी फरशी आधीच घरात असते.

ओले पाय

घसरण्याचे मापही आता खोक्यावर येते. जर्मन पद्धतीत एक माणूस बूट घालून, तेल लावलेल्या टाईलच्या उतारावर पुढे-मागे चालतो. त्याला आधाराचा दोर बांधलेला असतो. उतार हळूहळू वाढवतात. ज्या कोनाला त्याचा पाय सुटतो त्यावरून आर ९ ते आर १३ असा दर्जा ठरतो. आर ९ म्हणजे जेमतेम सहा ते दहा अंश, आर १० दहा ते एकोणीस, आर ११ एकोणीस ते सत्तावीस. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्यात वेगळी चाचणी असते आणि तिचे दर्जे ए, बी, सी असे वाढत जातात.

हॉल आणि झोपायच्या खोलीत आर ९ चालेल. बाथरूम, मोरी, उघडी बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी यांना किमान आर १०, घरात म्हातारे माणूस असेल तर आर ११ घ्यावी. त्याहून खरखरीत टाईल घरात नको. तिच्या खाचांत साबण आणि तेल बसते, मग तोच थर घसरडा होतो. दर्जा लिहिलेला नसेल तर दुकानात साबणाचे पाणी मागावे, चप्पल काढावी आणि टाच घासून पाहावी. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

बाथरूममध्ये १२ इंची टाईल दोन फुटीपेक्षा बरी. जमिनीला नहाणी ट्रॅपकडे दर फुटाला तीन-चार मिलिमीटर ढाळ द्यावा लागतो. लहान टाईल तो ढाळ सहज घेते. मोठी घेत नाही, ती तिरकी कापावी लागते किंवा कोपऱ्यात पाणी साचते. शिवाय लहान टाईलमध्ये सांधे जास्त, त्यामुळे पायाला पकडही जास्त.

चिकटायचे कशाला?

सुरुवातीच्या पिंपाकडे आता वेगळ्या नजरेने पाहता येईल. सिमेंटचा माल टाईलच्या छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होऊन तिला धरतो. विट्रिफाइडमध्ये शिरायला छिद्रेच नाहीत. तिला नुसत्या मालावर सिमेंटची स्लरी ओतून बसवले तर ती बसलेली दिसते, धरलेली नसते. मग तीन-चार वर्षांनी थंडीतल्या एखाद्या रात्री फाटकन आवाज होतो आणि हॉलच्या मध्यावर दोन टाईल तंबूसारख्या उभ्या राहतात.

यावर उपाय दोन. पहिला पॉलिमर घातलेला टाईल ॲडहेसिव्ह. त्याचे मानक आयएस १५४७७ आणि ते पिशवीवर छापलेले असते. तो दातेरी थापीने सगळीकडे सारखा ओढला पाहिजे. पाच ठिकाणी गोळे ठेवून वर टाईल दाबायची पद्धत झटपट आहे, पण गोळ्यांमध्ये पोकळी राहते आणि वरवंटा नेमका पोकळीवर पडतो. दुसरा उपाय फटीचा. दोन टाईलमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर ठेवायचा आणि भिंतीलगतही थोडी जागा सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. टाईल उन्हाने फुगते, खालचा स्लॅब आक्रसतो. दोघांना हलायला जागा हवी. ‘जॉइंटलेस करून देतो’ असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला हात जोडावेत.

दोन बाय चार फुटांची टाईल विटांच्या बांधकामासारखी अर्ध्यावर सरकवून लावू नये. लांब टाईल भट्टीत मध्यावर केसभर फुगते. शेजारणीचे टोक त्या फुगवट्यापाशी आले की कड वर राहते आणि अंगठ्याला लागते. फार तर एक तृतीयांश सरकवावी.

काम झाल्यावर थापीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक टाईल चारही कोपऱ्यांत आणि मध्यावर वाजवावी. भरीव टाईल टणक बोलते, पोकळ असेल तर बद्द आवाज येतो. पोकळ टाईल मिस्त्री सामान आवरून जायच्या आत काढून घ्यावी. आणि बाथरूममध्ये टाईल लावण्याआधी ट्रॅपला बोळा घालून दोन दिवस पाणी साठवून पाहावे. टाईल पाणी पीत नसली तरी सांधे पितात. खालच्या घराच्या छतावरची ओल वॉटरप्रूफिंगच थांबवते. सांध्यांसाठी बाथरूममध्ये आणि ओट्याखाली इपॉक्सी ग्राऊट वापरावा. तो महाग असतो, पण काळा पडत नाही.

खोक्यांचा हिशेब

दुकानातली ‘दोन बाय दोन’ खरी ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ एक सेंटिमीटर कमी. चारच्या खोक्यात १६ ऐवजी साडेपंधरा चौरस फूट भरतात. दहा बाय सोळाच्या हॉलचे १६० चौरस फूट भागिले साडेपंधरा, म्हणजे दहा खोकी पुरत नाहीत. कापाकापी आणि मोडतोडीचे दहा टक्के धरले की बारा लागतात. फरशी तिरकी बसवायची असेल तर पंधरा टक्के धरावेत.

सगळी खोकी एकाच वेळी, एकाच बॅचची आणि एकाच शेडची घ्यावीत. दर भट्टीला रंग आणि माप किंचित बदलते. दुकानाच्या दिव्याखाली ते दिसत नाही, खिडकीच्या उजेडात लगेच दिसते. एक खोके न फोडता माळ्यावर ठेवावे आणि बॅचचा नंबर घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा. ती टाईल दोन-तीन वर्षांत बाजारातून गेलेली असते. घरात फुटलेली एक फरशी बदलायला त्या वेळी माळ्यावरचे ते खोकेच उपयोगी पडते.